फेरी फार्म: वॉशिंग्टनचं घर ओळखलं कसं?

२००८ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पुरातत्त्वज्ञांनी एक घोषणा केली. फ्रेडरिक्सबर्ग गावाच्या समोर, रॅपहॅनक नदीच्या पलीकडच्या काठावर, फेरी फार्म नावाच्या शेतीवर, जॉर्ज वॉशिंग्टन ज्या घरात लहानाचा मोठा झाला ते घर आम्हाला सापडलं आहे, असं त्यांनी सांगितलं. सापडलं होतं ते इतकंच: दगडी बांधणीची दोन तळघरं, धुराड्यांचे पाये, कंदमुळं साठवायच्या दोन खळग्या आणि तोवर निघालेल्या पाच लाखांच्या आसपास बारीकसारीक वस्तू. उभी भिंत एकही नव्हती. कुणाचं नाव कोरलेली वीटही नव्हती.

मग हे घर त्याचंच, असं इतक्या ठामपणे कशावरून म्हणायचं? या प्रकरणात खरा रस आहे तो या प्रश्नात. नामवंत माणसाचं घर शोधायला निघालेल्या माणसाला ते सापडायची घाई असते. पैसे देणाऱ्यांना त्याहून जास्त असते. फेरी फार्मवरच्या मंडळींना ही घाई कशी आवरली, आणि कुठे थोडी सैल सुटली, ते पाहण्यासारखं आहे.

आधी कागद काय सांगतात ते बघू. जॉर्जचा जन्म १७३२ चा, पोप्स क्रीक इथला. वडील ऑगस्टिन यांचा फ्रेडरिक्सबर्गच्या उत्तरेला अॅकोकीक इथल्या लोखंडाच्या भट्टीत वाटा होता. भट्टीजवळ राहायचं म्हणून त्यांनी १७३८ मध्ये बिऱ्हाड या नदीकाठी हलवलं. (आपल्याकडे तेव्हा चिमाजी अप्पांची वसईची मोहीम चालू होती.) ही जागा आधी विल्यम स्ट्रॉदर नावाच्या गृहस्थाची. त्याच्या मृत्यूनंतर विक्रीची जी जाहिरात छापली गेली तिच्यात देखणं राहतं घर, कोठारं आणि नदी ओलांडायची नाव यांचा उल्लेख आहे. जॉर्ज तेव्हा सहा वर्षांचा होता. १७४३ च्या एप्रिलमध्ये वडील गेले आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या नावावर ही शेती आणि दहा गुलाम माणसं आली. ताबा मात्र आई मेरी यांच्याकडेच राहिला, तोही १७७२ पर्यंत. त्या वर्षी जॉर्जने त्यांच्यासाठी फ्रेडरिक्सबर्गमध्ये घर घेतलं. पुढे १७७४ मध्ये शेती ह्यू मर्सर या डॉक्टरला विकायचं ठरलं. हाच मर्सर पुढे स्वातंत्र्ययुद्धात सेनापती झाला आणि १७७७ मध्ये प्रिन्स्टनच्या लढाईत मिळालेल्या जखमांनी गेला.

घर कुणी जाणूनबुजून पाडलं अशी नोंद नाही, ते हळूहळू ढासळत गेलं. १८३३ च्या सुमारास जॉन गॅड्सबी चॅपमन या चित्रकाराने नदीकाठच्या उंचवट्यावरून फ्रेडरिक्सबर्गचं चित्र काढलं, त्यात घराचे नुसते अवशेष दिसतात. म्हणजे वॉशिंग्टन जाऊन चाळीस वर्षंही झाली नव्हती, तोवर घराची रया गेली होती. पुढे जागा कुठली हेच लोक विसरले.

विसरले तरी गोष्टी सांगायचे थांबले नाहीत. वॉशिंग्टनचं चरित्र लिहिणाऱ्या मेसन लॉक वीम्स या पाद्र्याने १८०६ च्या आवृत्तीत चेरीच्या झाडाची कथा घातली: पोराने कुऱ्हाड चालवली, बापाने विचारलं, पोर खोटं बोललं नाही. कथा रचलेली आहे यावर आज इतिहासकारांत दुमत नाही, पण तिने या शेतीला तीर्थक्षेत्र करून टाकलं. यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेचं सैन्य इथे तळ ठोकून होतं. सैनिक चेरीच्या बिया आठवण म्हणून घरी पाठवत. याच सैन्याने जागेवर खंदक खणले आणि उद्याच्या उत्खनकांची कटकट वाढवून ठेवली. नंतरच्या काळात एकोणिसाव्या शतकातलंच एक छोटं लाकडी खोपटं ‘वॉशिंग्टनची मोजणीची कचेरी’ म्हणून पर्यटकांना दाखवलं जायचं. वॉशिंग्टन तरुणपणी जमीन मोजणीचं काम करायचा हे खरं, पण त्या खोपट्याची लाकडं तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तासली गेली.

विसाव्या शतकात इथे स्मारक उभारायचे प्रयत्न झाले आणि फसले. १९९६ मध्ये तर वॉलमार्टने इथे दुकान बांधायचं ठरवलं होतं. गावकरी आणि इतिहासप्रेमी उभे राहिले, कंपनीने दुसरी जागा घेतली, आणि शेती केनमोर या जुन्या वाड्याचा सांभाळ करणाऱ्या संस्थेकडे आली. केनमोर म्हणजे वॉशिंग्टनची बहीण बेटी आणि तिचा नवरा फील्डिंग लुईस यांचं घर, नदीच्या अलीकडच्या तीरावर. २००० साली फेरी फार्मला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. इथे एक गोष्ट मोकळेपणी मान्य करायला हवी. त्याच काळातल्या एखाद्या सामान्य तंबाखू शेतकऱ्याची जागा असती तर आज तिथे वाहनतळ असता. जागा वाचली ती नावामुळे, आणि त्यात चेरीच्या खोट्या झाडाचा वाटा मोठा आहे.

या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड मुराका आणि फिलिप लेव्ही यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर खोदकाम सुरू झालं. शेतीच्या जमिनीत नांगर फिरलेला असतो, त्यामुळे वरच्या थरातल्या वस्तू मूळ खोलीवर राहत नाहीत. पण त्या आडव्या फार दूरही जात नाहीत. म्हणून जमीन चौकोनांत आखायची, वरची माती चौकोनवार चाळायची, आणि खिळे, विटांचे तुकडे, खिडकीची काच, खापऱ्या कुठे दाट पडल्या आहेत ते नकाशावर मांडायचं. गावाच्या पांढरीत फिरलेल्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही. खापऱ्या जिथे दाट, तिथे खाली काहीतरी आहे.

पण ‘काहीतरी’ म्हणजे ‘तेच’ नव्हे. पहिल्या ठिकाणी घर लागलं, पण तिथल्या वस्तू वॉशिंग्टन कुटुंबाच्या आधीच्या निघाल्या. ऑगस्टिन इथे यायच्या कितीतरी आधी ते घर संपलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणीही घर लागलं. ते एकोणिसाव्या शतकातलं ठरलं. दोन्ही वेळा जागा बरोबर, नदी समोर, घराचा पुरावा हातात, फक्त काळ चुकीचा. या टप्प्यावर थोडी ओढाताण करून ‘पहिल्याच घराचा वापर पुढेही चालू राहिला असावा’ असं म्हणता आलं असतं. जगभर अशी स्मारकं कमी नाहीत. इथे दोन्ही घरं नाकारली गेली, म्हणून तिसऱ्याच्या ओळखीला वजन आलं असं मला वाटतं.

तिसरी जागा काठाच्या उंचवट्यावरच होती. घराची लांबी पन्नास फुटांच्या थोडी वर आणि रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास. दीड मजली, लाकडी चौकटीचं, खाली दगडी तळघरं.

काळ ठरवायचं शास्त्र इथे बघण्यासारखं आहे, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर तोललेलं आहे. अठराव्या शतकातली व्हर्जिनिया म्हणजे इंग्लंडमधून भांडी मागवणारा प्रदेश. कुठल्या प्रकारची भांडी इंग्लंडात कधी बनायला लागली हे कागदोपत्री ठाऊक आहे. पांढऱ्या, मिठाची झिलई दिलेल्या दगडी भांड्यांचा जोर १७२० नंतरचा. साय रंगाची, पातळ, गुळगुळीत भांडी वेजवूड या इंग्रज कुंभाराने १७६० च्या दशकात बाजारात रूढ केली. निळसर झाक असलेली त्यापुढची. तळघर बुजवलेल्या मातीत तळाशी साय रंगाची खापरी मिळाली, तर तळघर त्याआधी बुजलं असण्याची शक्यता उरत नाही. एक खापरी अशा रीतीने ‘याच्या अलीकडे’ एवढंच सांगते, ‘याच्या पलीकडे’ कधीच सांगत नाही. म्हणून एका वस्तूवर कुणी निकाल देत नाही. हजारो तुकड्यांची सरासरी आणि कुठल्या प्रकारची भांडी मुळीच नाहीत, या दोन्हींकडे बघावं लागतं.

दुसरा साक्षीदार मातीची चिलीम. लांब नळीची पांढरी चिलीम स्वस्त असायची, पटकन मोडायची आणि मोडली की फेकून दिली जायची. त्यामुळे तिचे तुकडे प्रत्येक उत्खननात ढिगाने निघतात. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून अठराव्याच्या अखेरपर्यंत नळीचं भोक बारीक बारीक होत गेलं. सुरुवातीला साधारण ९/६४ इंच, शेवटी ४/६४. भोक मोजायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. ड्रिलची पातं क्रमाने घालून बघायची, कुठलं नेमकं बसतं ते लिहायचं. पुरेसे तुकडे असले की जागेचा काळ बऱ्यापैकी जवळ येतो. खापऱ्या, चिलमी आणि कागद या तिघांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या की मग पुरातत्त्वज्ञ बोलायला तयार होतो. फेरी फार्मच्या तिसऱ्या घरात त्या जुळल्या.

चौथा साक्षीदार कागदी, पण फार कामाचा. ऑगस्टिन वारल्यावर त्यांच्या मालमत्तेची यादी झाली ती खोलीवार: अमुक खोलीत अमुक पलंग, अमुक मेज. अशी यादी म्हणजे घरात पाऊल न टाकता घरातून फिरून येणं. किती खोल्या, कुठली मोठी, कुठे पाहुणे बसायचे हे तिच्यातून कळतं. जमिनीत उघडं पडलेलं घर या यादीला पुरेल एवढं मोठं होतं.

आता आगीचं. चरित्रांत वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं की १७४० च्या नाताळच्या आदल्या रात्री वॉशिंग्टन कुटुंबाचं घर जळून खाक झालं. पत्रांत आगीचा उल्लेख आहेच, त्यामुळे आग लागली होती यात शंका नाही. पण मोठी आग जमिनीत लपत नाही. कोळशाचा थर, भाजलेली माती, वितळलेली काच हे घरभर दिसायला हवं आणि त्याच्यावर नव्या बांधकामाच्या खुणा हव्यात. तसं काही मिळालं नाही. मिळाल्या त्या एका भागापुरत्या, छोट्या आगीच्या खुणा. कुटुंबाला काही दिवस त्रास झाला असेल, पण घर उभंच राहिलं. बालपणी बेघर झालेला नायक चरित्रकाराला हवाहवासा वाटतो, त्याला तळघरातल्या मातीने पाठिंबा दिला नाही.

मोडक्या झोपडीवजा घरातून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत, ही जुनी कल्पनाही टिकली नाही. आठ खोल्यांचं, नदीवरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असं घर हे खाऊनपिऊन सुखी जमीनदाराचं. तिथे चहाच्या कपबश्यांचे तुकडे मिळाले, हाडाच्या दांड्याचे दातांचे ब्रश मिळाले, टाचण्या आणि शिवणकामाच्या वस्तू मिळाल्या. आणि केसांचे टोप कुरळे करायच्या मातीच्या नळकांड्या मिळाल्या, त्याही एकदोन नव्हे. बोटाच्या पेराएवढ्या, मध्ये बारीक, टोकांना जाड. टोपाचे केस त्यावर गुंडाळायचे, बांधायचे आणि उष्णतेने वळण बसवायचं. टोप महाग, त्याची निगा वेळखाऊ. ज्या घरात पोरांच्या टोपांवर एवढा खटाटोप होत होता ते घर समाजात आपली पत राखायला धडपडत होतं हे नक्की. जॉर्ज स्वतः टोप घालत नसे, आपल्याच केसांना पूड लावून मागे बांधत असे. त्यामुळे या नळकांड्या बहुधा सॅम्युएल, जॉन ऑगस्टिन आणि चार्ल्स या धाकट्या भावांच्या हिशेबात जातात. टोप विंचरून, गुंडाळून ठेवायचं काम भावांनी स्वतः केलं असेल असं मात्र समजायचं कारण नाही. घरात गुलाम होते.

एक वाडगा मला सगळ्यांत बोलका वाटतो. साय रंगाचा, मेजवानीत पंच नावाचं पेय प्यायला ठेवायचा मोठा वाडगा, त्यावर हाताने रंगवलेल्या चेरी. अनेक तुकड्यांतून तो जुळवला गेला, आणि जुळवताना दिसलं की काही तुकड्यांच्या कडांना जुना गोंद आहे. आजचा नव्हे, अठराव्या शतकातलाच. वाडगा त्या काळी एकदा फुटला होता आणि कुणीतरी तो चिकटवला होता. इतर काही भांड्यांवरही अशा खुणा मिळाल्या आणि त्या गोंदाची रासायनिक तपासणी झाली. त्या काळचे गोंद चुना, अंड्याचा पांढरा, चीज, राळ असल्या वस्तूंचे असत. गरम पेय त्यात टिकायचं नाही. म्हणजे वाडगा वापरासाठी नव्हे, कपाटात दिसावा म्हणून चिकटवला.

चेरी बघून पत्रकारांना मोह न व्हावा तर नवल. पण साय रंगाची भांडी १७६० च्या दशकातली, आणि जॉर्ज १७५४ पासून दुसऱ्या घरी, माउंट व्हर्ननला राहत होता. वाडगा आईचा आहे. मेरी वॉशिंग्टन यांनी नवरा गेल्यावर पुन्हा लग्न केलं नाही. पाच मुलं, सहाशेच्या आसपास एकर शेती, कर्जं, पिकं आणि गुलामांचं काम हे सगळं त्यांनी जवळजवळ तीस वर्षं चालवलं. चरित्रकारांनी त्यांना आधी देवी केलं आणि नंतर कटकटी, कंजूष म्हातारी. चिकटवलेल्या वाडग्यात मला दोन्ही दिसत नाहीत. नवा वाडगा परवडत नसेल, पण पाहुण्यांसमोर कपाट रिकामं दिसू द्यायचं नाही, एवढा हिशेब त्यात आहे. आणि मोजायला गेलं तर या घरात वॉशिंग्टन नावाची जी वर्षं आहेत त्यांतली बहुतेक मेरीची आहेत. पाटीवर मुलाचं नाव आहे, जमिनीत जास्त आईचं आहे.

थोडी सैल सुटलेली घाई म्हटली ती इथे. उत्खननात चिलमीचा एक वाटीसारखा भाग मिळाला, त्यावर फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेचं चिन्ह. वॉशिंग्टनने १७५२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या मेसन मंडळात प्रवेश घेतला होता हे कागदावर आहे. मग ही चिलीम त्याचीच का नसावी? असेलही. पण फ्रेडरिक्सबर्गमध्ये मेसन बरेच होते आणि नदी ओलांडून या घरी येणारेही असणार. असली चिलीम कुणीही ओढू शकतो. अशी वस्तू बातमीत शोभते. घर ओळखायला तिचा काडीचा उपयोग नाही, आणि उत्खनकांच्या मूळ युक्तिवादात तिची गरजही नव्हती. घोषणेच्या दिवशी मात्र कॅमेरे तिच्याकडे वळले, कारण खापऱ्यांच्या सरासरीचा फोटो येत नाही.

दुसरी उणीव जास्त गंभीर. अकरा वर्षांच्या मुलाला वारशात मिळालेल्या दहा माणसांबद्दल कागद जेमतेम बोलतात: यादीत नाव आणि किंमत. त्यांचं जगणं कळायला जमीनच उरते. घराच्या आसपासच्या मातीत त्यांच्या कामाचे पुरावे पसरलेले आहेत, कारण स्वयंपाक, धुणं, दूधदुभतं, सांडपाणी टाकणं हे सगळं तेच करत होते. पण खापरीवर कुणाचा हात लागला हे लिहिलेलं नसतं, आणि मालकाच्या घरातली वस्तू आपण आपसूक मालकाच्या नावे लिहितो. टोपाच्या नळकांड्यांचं उदाहरण वर आलंच. ‘वॉशिंग्टन कुटुंबाच्या वस्तू’ या शीर्षकाखाली ठेवलेल्या निम्म्याअधिक वस्तू रोज हाताळणारी माणसं वॉशिंग्टन आडनावाची नव्हती.

जमिनीत त्याहून जुनंही आहे. मूळ रहिवाशांची दगडी हत्यारं इथे मिळाली आहेत, काही तर हजारो वर्षांपूर्वीची. यादवी युद्धातल्या सैनिकांच्या वस्तू आहेत. हे सगळं उत्खनकांनी नोंदवून जपलं. एका नावासाठी पैसा मिळालेल्या जागेवर हे आपोआप होत नाही.

ओळख पटल्यावर पुढचा प्रश्न आला, आता करायचं काय? २०१५ मध्ये मूळ जागीच घराची प्रतिकृती बांधायला सुरुवात झाली आणि पुढच्या दोनतीन वर्षांत ती उभी राहिली. पाया, तळघरं, धुराड्यांची जागा, घराचा आकार हे पुराव्यावर आधारलेलं. खोल्यांची मांडणी आणि सामान बरंचसं त्या १७४३ च्या यादीवरून. खिडक्यांची उंची, जिन्याचं वळण, भिंतींचा रंग हे मात्र त्या काळच्या व्हर्जिनियातल्या शिल्लक घरांकडे बघून ठरवलेलं. जमिनीच्या वरचं जवळजवळ सगळं अंदाजावर उभं आहे, अभ्यासू अंदाजावर, पण अंदाजावरच.

मला इथे प्रतिकृती बांधली याला तत्त्वतः हरकत नाही, फक्त ती मूळ जागी बांधावी का यावर शंका आहे. शंभर वर्षांनी कुणाकडे आजच्यापेक्षा चांगली साधनं असतील आणि त्याला खालचं काही पुन्हा तपासायचं असेल, तर डोक्यावर घर असणार. दुसऱ्या बाजूने, उघडं ठेवलेलं दगडी तळघर पावसात आणि थंडीत किती टिकलं असतं हेही बघायला हवं. पुन्हा मातीखाली झाकून वर नुसती रेघोटी आखली असती तर शास्त्र सुखावलं असतं आणि पर्यटक पाच मिनिटांत निघून गेले असते. तिकिटाच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेला हा विचार करावाच लागतो. आत ठेवलेलं सामानही प्रतिकृतीच असल्यामुळे इथे दोऱ्या बांधून माणसांना लांब ठेवलेलं नाही. पाहुण्यांनी खुर्चीवर बसावं, खण उघडून बघावेत, भांडी हातात घ्यावीत, अशी सोय आहे.